साबणाच्या मापाचा खिसा

शर्ट मी शिवलेला होता, पण खिसा माझा नव्हता.

चष्मा पुसून मी शर्ट पुन्हा टेबलावर पसरला. कॉलर माझी, कफ माझे, काजं माझ्या बायकोच्या हातची. डाव्या छातीवरचा खिसा तेवढा दुसऱ्याच कुणीतरी लावलेला. टाके लांबलांब, दोरा एक छटा गडद, आणि तोंडाशी दिलेली पट्टी वाकडी. चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाला आपली शिलाई ओळखता येणार नाही तर काय ओळखता येणार?

शर्ट दयारामचा. सकाळच्या बसने मलकापूरहून पिशवी आली होती. कंडक्टर कचरू ओळखीचा, त्याने दुकानाच्या पायरीवर आणून दिली. आत नव्या शर्टाचं कापड आणि मापासाठी हा जुना शर्ट. आमच्याकडे ही पद्धतच आहे. लांब राहणारं माणूस मापासाठी एवढ्या दूर येत नाही, अंगाला नीट बसलेला एखादा शर्ट पाठवून देतं आणि सांगतं, याच्यासारखाच शिवा. दयाराम महिनाअखेरीला नोकरीतून रिटायर होत होता. कचेरीतल्या निरोप समारंभाला माझ्याच हातचा शर्ट घालायचा असा त्याचा हट्ट होता, आणि त्या हट्टाचं मला कोण कौतुक.

मापाला आलेला हा निळा शर्ट मी गेल्या दिवाळीत त्याला शिवून दिला होता. त्याला लावलेला खिसा लहान होता, साडेतीन इंच रुंद आणि साडेचार इंच खोल. लोणारच्या पंचक्रोशीत एवढा लहान खिसा आता कुणी मागत नाही. तो फक्त दोन माणसांच्या शर्टांना असायचा, दयारामच्या आणि माझ्या. त्यामागे कारण होतं.

माझं दुकान लोणारच्या बसस्टँडजवळ. वडील किसनराव यांनी सुरू केलं, पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे. रेडिमेड आल्यावर बाकीचे टेलर पँट आखूड करून देण्यावर आले. मला वाचवलं खिशाने. मोबाईल आले तेव्हा लोकांना कळेना, हे धूड ठेवायचं कुठे. मी गिऱ्हाइकाचा फोन पुठ्ठ्यावर ठेवायचो, पेन्सिलीने त्याभोवती रेघ मारायचो आणि पुठ्ठा कापून घ्यायचो. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव. मग खिसा त्या पुठ्ठ्याच्या मापाने शिवायचा, म्हणजे वाकलं तरी फोन बाहेर पडत नाही. असे पुठ्ठे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. पंचवीस वर्षांत गावाच्या छातीवर काय काय बसलं ते सगळं त्या डब्यात सापडेल. आधी विटेएवढे, वर शेंडी असलेले. मग दरवर्षी लहान होत गेलेले. मग पानाच्या डबीसारखे उघडणारे, मग सरकून उघडणारे, मग एवढुसे की हनवटीशी धरले तर कानापर्यंत पोचायचे नाहीत. आणि मग कुणाची दृष्ट लागली कोण जाणे, परत वाढायला लागले. आता तर पाटीच झाली आहे. शर्टाचा खिसा अर्ध्या छातीएवढा करावा लागतो आणि माणूस चालताना एका बाजूला कलतो.

हे वाढणं मला आवडलं नव्हतं. मला आणि दयारामला. कारण मोबाईलचं माप आम्ही दोघांनी बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं.

तेव्हा आम्ही नववीत होतो. उल्केच्या खड्ड्याकाठी वाढलेल्या पोरांना आकाशातून काहीबाही येणार हे कुणी पटवून द्यावं लागत नाही. वाचनालयातल्या विज्ञानकथा आम्ही आळीपाळीने घरी न्यायचो आणि सरोवराच्या काठावर बसून त्यांच्यावर भांडायचो. त्या गोष्टींत सन दोन हजारमधली माणसं बिनतारेच्या यंत्रावर बोलायची. कुणाच्या मनगटाला ते यंत्र असायचं, कुणाच्या डोक्यावर शिंगं असलेलं शिरस्त्राण असायचं. दयाराम म्हणायचा, आपणही एक गोष्ट लिहू. त्याचं अक्षर चांगलं, तो लिहायचा. माझा हात चांगला, मी चित्रं काढायचो.

आमच्या गोष्टीत सरोवरातल्या काळ्या दगडाची दोन यंत्रं होती. ती फक्त एकमेकांशीच बोलायची, तिसऱ्याचं त्यात काम नाही. एक मित्र चंद्रावर जातो, दुसरा लोणारच्या काठावर थांबतो. यंत्र केवढं असावं यावर आम्ही आठ दिवस भांडलो. शेवटी मी टेलरचा पोरगा, मी निकाल दिला. म्हटलं, शाळेच्या शर्टाच्या खिशात जे बसेल तेच टिकेल. आईने, भिमाबाईने, कपडे धुवायला आणलेल्या साबणाच्या दोन वड्या मी पळवल्या, ब्लेडने तासून दोन यंत्रं केली आणि आम्ही ती खिशात घालून वर्गात बसलो. घामाने साबण विरघळून दोघांच्याही शर्टांना फेस आला. गुरुजींनी मारलं, घरी आईने मारलं. पण त्या वडीचा पुठ्ठ्यावर काढलेला आकार मी जपून ठेवला. त्यावर दयारामच्या अक्षरात लिहिलं होतं, शेखर आणि दया, सन दोन हजार.

पुढे दयाराम शिकून नोकरीला लागला आणि मलकापूरला गेला, मी मशीनवर बसलो. चंद्र दोघांनाही लांबच राहिला. मैत्री टिकली. आणि खरंच सन दोन हजारच्या मागेपुढे मोबाईल लहान होत होत अगदी आमच्या साबणाच्या वडीएवढे झाले तेव्हा दयारामने मुद्दाम येऊन मला मिठी मारली होती. म्हणाला होता, जगाने तुझं ऐकलं. त्या दिवसाइतका अभिमान मला पुढे कधी वाटला नाही.

चार वर्षांपूर्वी तो असाच आला. काठावर बसल्यावर त्याने खिशातून आपला पाटीएवढा फोन काढला आणि त्याच्यावर तोंडसुख घेतलं. डोळे जातात, डोकं जातं, घरात चार माणसं चार भिंतींकडे तोंड करून बसतात. मग म्हणाला, "शेखऱ्या, चाल बे, परत आपल्या साबनावर येऊ." त्याच दुपारी आम्ही बसस्टँडवरच्या दुकानातून बटणाचे दोन सारखे फोन घेतले. माझ्या फोनचं एक नंबरचं बटण दाबलं की त्याला लागणार, त्याचं दाबलं की मला. पाटी बायकोला देऊन टाकतो म्हणाला, आणि मोठ्या फोनला पुन्हा हात लावायचा नाही असा शब्द आम्ही एकमेकांना दिला. मी पुठ्ठा काढला, लावून पाहिला. फोन थेट साबणाच्या मापाचा. आम्ही म्हातारे दोघं लहान पोरांसारखे हसलो.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता आमचं बोलणं. मी दुकान अर्धं ओढून घ्यायचो आणि एक नंबर दाबायचो. कधी तो लगेच उचलायचा, कधी दोनतीनदा लावावा लागायचा. चार्जिंगला होता म्हणायचा.

आता यात माझ्या घरच्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. माझी मुलगी समता पुण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली, रेणुका. समताने आमच्यासाठी मोठा फोन घेऊन पाठवला, म्हणजे नात रोज दिसेल. मी तो डबा उघडला नाही. कपाटात ठेवून दिला. बायकोला, धम्मशीलाला, म्हटलं की तुला वापरायचा तर वापर, पण ती बिचारी म्हणाली, तुम्ही बघणार नाही तर मी एकटी घरात त्याच्याशी काय बोलू. मग ती शेजारी केसरबाईंकडे जाऊन नातीला पाहायची. समताला सुट्टी रविवारची, तिचा फोन यायचा चारच्या सुमारास. त्या वेळी मी दयारामशी बोलत असायचो.

गेल्या वर्षी एका रविवारी रेणुका पहिल्यांदा चालली. केसरबाईंच्या फोनवरून बोलणाऱ्या आजीकडे बघत भिंत सोडून चार पावलं टाकली. धम्मशीला धावत दुकानात आली. मी दयारामला चंद्रावर माणसं परत कधी जाणार ते विचारत होतो. बायको काय सांगते ते ऐकलं आणि त्यालाही सांगितलं, की बघ, नात चालली, मी पाहिलं नाही, पण शब्द मोडला नाही. त्यावर तो म्हणाला होता, "शाब्बास बे. आपुन दोघंच शहाणे राह्यलो या दुनियेत."

ती शाबासकी मी आठवडाभर मिरवली.

म्हणून दयारामच्या शर्टावर दुसऱ्याचा खिसा पाहून माझे हात थांबले. आधी मी त्याची बाजू घेतली. रिटायर होतोय, कागदपत्रं असतील, चष्म्याचं घर असेल, डायरी असेल. चष्म्याचं घर लावून पाहिलं, ते फुगतं आणि खिशाला पोट आणतं. या खिशाला पोट नव्हतं. डायरी लावली, ती रुंद होती. मग डबा काढला आणि एकेक पुठ्ठा त्या खिशात सरकवत गेलो. ज्याच्यावर गावच्या सोनाराच्या पोराचं नाव होतं, गेल्याच महिन्यातला, साडेसहा इंच लांबीचा, तो पुठ्ठा आत गेला आणि चपखल बसला. खिशाच्या खालच्या दोन कोपऱ्यांना फोनच्या कोपऱ्यांनी घासून कापड विरलं होतं. आणि छातीच्या बाजूला, जिथे त्या फोनांच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, तिथे रुपयाएवढी जागा झिजून पांढरी झाली होती. एकदोन दिवसांत असं झिजत नाही. रोज, सहासात महिने घालावं लागतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी काहीतरी समजूत काढली असती. पण खिशाचं कापड शर्टाच्याच थानातलं होतं. शिवून झाल्यावर उरलेला तुकडा मी प्रत्येक गिऱ्हाइकाला घडी करून परत देतो, वडिलांची शिकवण आहे. दिवाळीत मी दिलेला तो तुकडा घेऊन दयाराम मलकापुरातल्या दुसऱ्या टेलरकडे गेला होता. मी लावलेला खिसा उसवला आणि माझ्याच कापडाचा मोठा खिसा लावून घेतला. आणि त्यानंतरही दर रविवारी मला शाबास म्हणत राहिला. हा शर्ट मापाला पाठवताना त्याच्या लक्षात कसं आलं नाही? बहुतेक पिशवी त्याच्या बायकोने भरली असावी. किंवा त्याला वाटलं असेल, खिशाकडे कोण बघतं.

धम्मशीला चहा घेऊन आली तेव्हा मी तिला पुठ्ठा आणि खिसा दाखवला. तिला समजायला वेळ लागला नाही. ती काजं करता करता म्हणाली, "फोन लावून इचारा ना सरळ. काऊन जिवाले लावून घेता?"

"इचारलं तं तो खोटं सांगन," मी म्हटलं. "मंग मले दोन खोटे सांभाळा लागतीन."

रविवारी चार वाजता मी एक नंबर दाबला नाही. सव्वाचारला त्याचाच आला. शर्ट पोचला का, कधी तयार होईल, असं विचारून झाल्यावर म्हणाला की कचेरीतले लोक निरोपाला मोठा फोन भेट देणार होते, आपण साफ नाही म्हटलं. मी हं म्हटलं. चार वर्षांत इतकं लहान बोलणं आमचं कधी झालं नव्हतं, पण त्याला ते जाणवलं नसावं.

शर्ट मी जीव लावून शिवला. रागावून वाकडं शिवणारा टेलर मी नाही. कॉलरची टोकं सारखी, खांदा बरोबर. खिसा कापताना मात्र तासभर बसून राहिलो. मग सोनाराच्या पोराचा पुठ्ठा नव्या कापडावर ठेवला, चारी बाजूंनी शिलाईची जागा सोडली आणि खडूने रेघ मारली.

गुरुवारी दुपारी दयाराम स्वतः आला. नेहमीप्रमाणे आल्या आल्या त्याने बटणाचा फोन काढून माझ्या टेबलावर ठेवला, माझ्या फोनशेजारी. ही त्याची जुनी सवय, दोन यंत्रं शेजारी शेजारी. या वेळी पहिल्यांदा मी दोन्हींकडे टेलरच्या नजरेने पाहिलं. माझ्या फोनवरचे आकडे घासून पुसट झाले होते. पाचचं बटण तर कोरंच. त्याच्या फोनवरचे सगळे आकडे दुकानातून आणल्यासारखे ठसठशीत होते.

शर्ट घालून तो आरशासमोर उभा राहिला. खूश झाला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग सवयीने त्याचा हात खिशाकडे गेला आणि बोटं आत शिरली. शिरत गेली, पार मनगटापर्यंत. तिथे त्याचा हात राहिला.

"खिसा मोठा झाला बे," तो आरशातूनच म्हणाला.

"मापावर शिवला. तूच पाठवलं होतं माप."

त्याने मापाच्या शर्टाकडे पाहिलं. तो मी घडी करून, खिसा वर येईल असा, टेबलावर ठेवला होता. दयाराम हुशार माणूस, त्याला काही सांगावं लागलं नाही. तो स्टुलावर बसला. धम्मशीला हातातलं काज बाजूला ठेवून आत गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो म्हणाला, "सोडलाच नव्हता बे. घरी गेलो, दोन दिवस नाही चाललं. हापिसाचे सगळे कामं त्याच्यावर. तुले सांगाले पाह्यजे होतं. पन तू एवढा खुश होता. म्हटलं, चालू दे शेखऱ्याचं. त्याले बरं वाटते."

चोरून एखादी गोष्ट केली, जमलं नाही, लाज वाटली, हे मला समजलं असतं. माणूस आहे. पण त्याला बरं वाटते? चार वर्षं मी ज्याला आमचा शब्द समजत होतो तो त्याच्या लेखी माझा खेळ होता, आणि तो मला खेळू देत होता. तापलेल्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसा दर रविवारी मला पंधरा मिनिटं देत होता. मला इतका राग आला की मापाचा गज हातात घट्ट धरून ठेवावा लागला.

"समताची पोरगी चालली तेव्हा मी तुह्याशी बोलत होतो," मी म्हटलं. "तू शाब्बास म्हनला."

तो मापाच्या शर्टाची घडी उगाच सारखी करू लागला.

"तेव्हा तरी सांगाचं होतं, दया. म्हनाचं होतं, जाय बे, ठेव फोन, पाह्य नातीले. मी गेलो असतो."

त्याचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. माझेही आले असते तर बरं झालं असतं. तो म्हणाला, चूक झाली. मी म्हटलं, शर्ट चांगला बसला आहे, इस्त्री करून देतो. इस्त्री होईपर्यंत तो जुन्या गोष्टी काढत राहिला, साबणाच्या, गुरुजींच्या, चंद्रावरच्या मित्राच्या. ऐकताना मला एवढंच कळत होतं की त्या त्याच्याजवळ सगळ्या आहेत, एकही विसरलेला नाही. त्याने मला फसवलं तेही न विसरताच.

जाताना त्याने बटणाचा फोन उचलला, क्षणभर हातात धरला आणि पँटच्या खिशात टाकला. बाहेर पायरीवर गेल्यावर पिशवीतून मोठा फोन काढून बसची वेळ पाहिली. आता लपवायचं काही कारण राहिलं नव्हतं. शिलाई त्याने दिली, मी घेतली. आजवर त्याच्याकडून कधी घेतली नव्हती.

तो गेल्यावर मी एक कोरा पुठ्ठा साडेसहा इंचाचा कापला, त्यावर दयाराम, मलकापूर असं लिहिलं आणि पत्र्याच्या डब्यात बाकीच्या गिऱ्हाइकांबरोबर ठेवून दिला.

मग कपाटातून समताने पाठवलेला डबा काढला. वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा तसाच होता. धम्मशीलाने तो फाडला. केसरबाईंना बोलावून आणलं, त्यांनी फोन चालू करून दिला आणि रविवारी चार वाजता काय दाबायचं ते दोनदा समजावलं. मी हो हो म्हणत होतो. बायको मध्येच हळूच म्हणाली, "पोरगी वळखन का हो तुमाले?" आणि लगेच म्हणाली, वळखन, लहान लेकरं लवकर शिकतेत. मी फोन खिशात घालून पाहिला. अर्ध्याहून जास्त बाहेर राहिला, वाकलो तसा पडता पडता धम्मशीलाने झेलला.

मग मी अंगातला शर्ट काढला, बनियनवर बसलो आणि ब्लेडने खिसा उसवायला घेतला. चार वर्षं धुऊन धुऊन शर्ट पार विटला होता, मुळात कोणत्या रंगाचा होता हे मीही विसरलो होतो. टाका टाका सुटत गेला आणि खिसा हातात आला. त्याच्या खाली कापड जसंच्या तसं होतं, गर्द हिरवं, दुकानातून नुकतं फाडून आणल्यासारखं. साडेतीन बाय साडेचार.

धम्मशीला म्हणाली, किती छान रंग होता. मी म्हटलं, होता. मोठ्या खिशाचं कापड त्यावर ठेवलं, चारी बाजूंनी तो हिरवा चौकोन झाकला जातोय का बघितलं, आणि टाचण्या लावल्या.